परक्याचं टोक

खूप जुनी गोष्ट आहे. त्या राज्याच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही, कारण या गोष्टीत तो एकदाही कामाला येत नाही. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकत नसल्याचं सोंग करणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट मी शांतपणे सांगायचं ठरवलं आहे. जमेल असं वाटत नाही.

त्या राज्याच्या अगदी कडेला, समुद्राला लागून, कोळ्यांचं एक गाव होतं. गावाची एकच मोठी रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते घेऊन समुद्रात अर्धगोल फिरायची, जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणून सोडायची, आणि सगळं गाव दोन रांगा करून ते दोर ओढायचं.

दोराला घराघराची गाठ होती. ज्या घराची जी गाठ, तिथे त्या घराने धरायचं. दोन दोरांपैकी खाडीकडच्या दोराला मात्र शेवटच्या घराच्या गाठीनंतर चार हात दोर बिनगाठीचा सोडलेला असे. तो कुणाच्याच घराचा नव्हता. त्याला म्हणायचे परक्याचं टोक.

वाटेने जाणारा कुणीही यावा, भुकेला असो, हरवलेला असो, नाहीतर घरातून हाकललेला, त्याने ते टोक धरावं. जाळं किनाऱ्याला लागलं की वाळूवर मासळीचे वाटे पडत. दोराला जितकी माणसं, तितके वाटे, आणि सगळे सारखे. पहाटेपासून ओढणाऱ्याला जेवढं, तेवढंच अगदी शेवटी येऊन टोक धरणाऱ्याला. तीन हंगाम जो टोकाला राही, त्याच्या नावाची गाठ दोरावर पडे, आणि टोक पुन्हा चार हात पुढे मोकळं होई. गाव असंच वाढलं होतं.

हा दोर वळायची एक बाई. तिचा नवरा समुद्राने नेला होता, आणि पोटी मूल नव्हतं. ती नारळाची सोडणं, म्हणजे बाहेरची टरफलं, खाडीच्या चिखलात पुरून कुजवायची, महिन्यांनी ती बाहेर काढून लाकडी मोगरीने बडवायची, काथ्या उन्हात वाळवायची आणि मग तळव्यांवर वळायला बसायची. नवा दोर घेतला की ती सर्वांत आधी परक्याचं टोक वळायची आणि मग बाकीचा दोर. तिच्या सासूने तिला तसंच शिकवलं होतं. सासू म्हणायची, "आधी परक्याचं वळ गो. मग शेवटी काथ्या कमी पडला, तर तो आपल्याला कमी पडेल."

एका वर्षी मासळीच्या भर हंगामात पश्चिमेकडून एक गलबत आलं. त्यावर तापाने फणफणलेला एक माणूस होता. आपल्यालाही ताप लागेल या भीतीने खलाशांनी त्याला लहान होडीतून किनाऱ्यावर आणून सोडलं आणि ते निघून गेले. त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. भाषा कुणाला कळत नव्हती. समोर माणसं काहीतरी धरून ओढताहेत एवढंच त्याला दिसलं. तो धडपडत आला आणि त्याने परक्याचं टोक धरलं.

आता खरं सांगायचं, तर तो काही ओढत नव्हता. दोरच त्याला ओढत होता. दोनदा तो वाळूत पडला, पण टोक काही सोडलं नाही.

वाटे पडायची वेळ आली तेव्हा तांडेलाचा मुलगा पुढे आला. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. मुलगा म्हणाला, "बाबा, याला कसला वाटा? हा नुसता लोंबकळत होता."

म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं, "दोराला त्याचा हात होता की नव्हता?"

"होता, पण..."

"मग वाटा घाल."

वाटा घातला गेला. तो माणूस त्या मासळीच्या ढिगापाशी बसला आणि ढसाढसा रडला. दोर वळणारी बाई त्याला आपल्या पडवीत घेऊन गेली, कारण दुसरं कुणी नेत नव्हतं.

ताप उतरला. हळूहळू त्याला भाषा आली. तो काथ्या बडवायचा, पण इतका वाईट बडवायचा की बाई मागाहून सगळा पुन्हा बडवायची. गाव त्याला वाटसरू म्हणू लागलं. एकदा बाईने त्याला विचारलं, "एवढा समुद्र ओलांडून तू आलास तरी कशाला?"

"सांगायला आलो," वाटसरू म्हणाला. "माझा गुरू सुताराचा मुलगा होता. येशू त्याचं नाव. कोळ्यांना बरोबर घेऊन हिंडायचा. ज्यांच्या ताटाला कुणी बसत नसे, त्यांच्या ताटाला बसायचा. म्हणून मोठ्या लोकांनी त्याला क्रुसावर खिळवून मारलं. तिसऱ्या दिवशी तो उठला. आम्ही त्याला पाहिलं. ते शुभवर्तमान गावोगाव पोचवायचं, एवढंच माझं काम."

मेलेला माणूस उठतो हे बाईला एकदम पचलं नाही. पण हे सांगणारा माणूस खेकडा सोडून कशालाच भीत नाही, हे ती रोज बघत होती. त्यामुळे ती ऐकत राहिली.

मग एके दिवशी त्यानेच तिला विचारलं, "खाडीपलीकडची माणसं टोक धरायला का येत नाहीत? ती तर रोज उपाशी दिसतात."

खाडीपलीकडे चिखलात राहणारी, खेकडे आणि शिंपल्या वेचून जगणारी माणसं होती. गाव त्यांच्या सावलीलाही नाक मुरडायचं. बाई म्हणाली, "ते कसे येतील? टोक परक्यांसाठी आहे. ते परके नाहीत. ते खाडीपलीकडचे."

वाटसरूने हातातली मोगरी खाली ठेवली. "म्हणजे हजार कोसांवरून आलेल्या मला तुम्ही वाटा दिलात, आणि हाकेच्या अंतरावरचा माणूस तुम्हाला दिसत नाही?"

तिला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो, तसलाच.

वाटसरू खाडी ओलांडून गेला. चिखलात बसून त्यांच्याबरोबर जेवला. दुसऱ्या दिवशी जाळं ओढणं चालू असताना तो एका खेकडेवाल्याचा हात धरून आला आणि त्याने तो हात टोकावर ठेवला. क्षणात अर्ध्या रांगेने दोर सोडला. जाळं मध्येच अडकलं. कुणी थुंकलं, कुणी वाटसरूला शिव्या दिल्या, आणि तांडेलाच्या मुलाने दगड उचलला.

म्हाताऱ्या तांडेलाने दोर सोडला नव्हता. त्यालाही ते आवडलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो म्हणाला, "हात आहे ना दोराला? मग धरा सगळ्यांनी. जाळं आपल्या भांडणासाठी थांबत नाही."

त्या दिवशी खेकडेवाल्याला वाटा मिळाला. दुसऱ्या दिवशी पाच जण आले, मग पंधरा. आणि त्यानंतरच गावाने वाटसरूची गोष्ट कान देऊन ऐकली. आधी तो बोलत होता तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. आता त्याचं बोलणं वाळूवर वाट्यांच्या रूपात डोळ्यांना दिसत होतं. पुढच्या वर्षी दोन्ही काठांची माणसं त्याच खाडीच्या पाण्यात उतरली आणि एकमेकांच्या शेजारी उभं राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तीन वर्षांनी वाटसरू घाटाकडे निघाला. घाटापलीकडे अजून कुणी ऐकलं नव्हतं. निघताना तो बाईला म्हणाला, "माझ्या नावाने इथे काही उभारू देऊ नकोस. फक्त नवा दोर वळशील तेव्हा टोक आखूड करू नकोस. मी जे सांगायला आलो, ते सगळं त्या चार हातांत आहे."

"नाही करणार," बाई म्हणाली. ती शब्दाची पक्की होती.

मुलांनो, इथवरची गोष्ट सांगताना मला आनंद होतो. आता माझा आवाज चढला तर चढू द्या.

काही वर्षांनी घाटावरून आलेल्या मिठाच्या व्यापाऱ्याने बातमी आणली की वाटसरू वारला. दोन्ही काठ रडले. कुणीतरी म्हणालं, ज्या टोकाला तो पहिल्यांदा बिलगला, ते तरी आपल्यापाशी ठेवू या. दोर तसाही जुना झाला होता. बाईने स्वतःच्या विळ्याने ते चार हात कापून दिले. पहिलं पाऊल असं प्रेमाने पडलं, आणि विळा तिचाच होता. हे ती पुढे कधी विसरली नाही, आणि स्वतःला तिने कधी माफही केलं नाही.

टोकासाठी सागवानी पेटी झाली. पेटीसाठी प्रार्थनाघर झालं. म्हातारा तांडेल तोवर गेला होता आणि त्याचा मुलगा तांडेल झाला होता. हो, तोच दगड उचललेला. वाटसरूवर आता त्याच्याएवढी भक्ती गावात कुणाची नव्हती. मेलेल्या माणसावर भक्ती करणं सोपं असतं, तो उलटून काही विचारत नाही.

पुढच्या हंगामात बाईने नवा दोर आणला. आधी टोक, मग दोर, नेहमीसारखा. नवा तांडेल म्हणाला, "वाटसरूबाबांनी जिथे हात ठेवला, तिथे आता दुसऱ्या कुणी हात ठेवायचा म्हणजे त्यांचा अपमान." आणि त्याने ते टोक कापलं.

"अरे, पण तो हात या दोरावर नव्हता," बाई म्हणाली. "हा मी आत्ता वळलाय."

"टोक ते टोक," तांडेल म्हणाला. गावाने माना डोलावल्या.

कापलेलं टोक शेजारच्या गावाला पाठवलं. तिथेही पेटी झाली. मग दुसऱ्या गावाने मागितलं, मग तिसऱ्या. दर वर्षी बाई टोक वळायची आणि दर वर्षी ते वाजतगाजत कापायचे. एका माणसाने आपल्या पायांनी शुभवर्तमान आणलं होतं. आता त्याच्या जागी काथ्याचे तुकडे गावोगाव फिरू लागले, आणि ज्या काथ्याला त्या माणसाचा घामही कधी लागला नव्हता, त्याच्यापुढे माणसं लोटांगण घालू लागली. विचारलं, तर सांगायचे की धर्म पसरतोय.

आणि खाडीपलीकडची माणसं? तीन हंगाम कधीच झाले होते, पण त्यांच्या नावाच्या गाठी गाव पुढे ढकलत आलं होतं, आणि तेवढ्यात टोकच गेलं. आता त्यांनी धरायचं कुठे? तांडेल म्हणायचा, "बघू पुढच्या हंगामाला." प्रार्थनाघरात त्यांनी दाराबाहेर उभं राहायचं, कारण पायांना चिखल असतो. आधी त्यांनी बारा प्रार्थना तोंडपाठ म्हणून दाखवायच्या, मग विचार होईल. त्यांनी बारा पाठ केल्या. मग त्या वीस झाल्या. हळूहळू ती माणसं यायची बंद झाली, आणि गावाला वाटलं, बघा, यांना मुळात ओढच नाही.

अशी वीस वर्षं गेली. बाई म्हातारी झाली. दर हंगामाला ती भांडायची, आणि दर हंगामाला लोक तिला हसून बाजूला करायचे. तिच्या पोटात राग साठत होता. काथ्या बडवताना शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारीच्या हातात अजून केवढा जोर आहे.

मग एका वर्षी खाडीचं पाणी बिघडलं. खेकडे मरून तरंगू लागले, शिंपल्या आतून काळ्या निघाल्या. पलीकडच्या चुली विझल्या.

नव्या दोराचा दिवस होता. टोक कापायचा मोठाच सोहळा होता. त्यासाठी चांदीच्या मुठीचा विळा केला होता. दोर वाळूवर पसरला होता, गाणं चालू होतं, आणि तेवढ्यात खाडीतून एक बाई चालत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीला बांधलेलं तान्हं मूल. तान्हं रडत नव्हतं. रडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. ती कुणाशी काही बोलली नाही. लहानपणी आजोबांकडून तिने जे ऐकलं होतं, तेच तिने केलं. तिने वाकून परक्याचं टोक धरलं.

तांडेलाने हातातली काठी तिच्या बोटांवर मारली.

हाड मोडल्याचा आवाज गाण्यातही ऐकू आला. गाणं थांबलं. बाईने टोक सोडलं नाही, म्हणून त्याने पुन्हा काठी उगारली.

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. आयुष्यभर वळलेले तिचे हात तांडेलाच्या मनगटाभोवती असे बसले की काठी खाली पडली.

"बाजूला हो म्हातारे," तांडेल म्हणाला. "हिने पवित्र टोक बाटवलं."

"पवित्र?" म्हातारी म्हणाली. "हे मी गेल्या महिन्यात वळलं. तुझ्या पेटीत आहे तेही मीच वळलेलं. सात गावांच्या सात पेट्यांत जे आहे ते मीच वळलंय, आणि तिसऱ्या गावातलं वळताना मला खोकला होता म्हणून ते जरा सैल आहे. जाऊन बघा."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तो आला तेव्हा तो हिच्यासारखाच होता," म्हातारी पुढे म्हणाली. "तूच म्हणालास, हा नुसता लोंबकळतोय. तुझ्या बापाला लाज होती म्हणून त्याला वाटा मिळाला. आणि तुला कुणी सांगितलं नसेल तर ऐक. तुझा पणजा पुरात वाहत आला आणि हेच टोक धरून उभा राहिला. माझ्या सासूच्या सासूने ते वळलं होतं. तुझ्या घराची गाठ त्यानंतर पडली. या दोरावरची एकेक गाठ आधी इथेच, शेवटाला उभी होती. कुणाच्या पणज्याला काठीने मारलं होतं का, सांगा."

कुणी काही सांगितलं नाही. सगळ्यांना ते खरं आहे हे माहीत होतं. वाळूवर तीनशे माणसं उभी होती, आणि त्या तीनशेंत एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही. मला तांडेलाचा राग येतो, पण त्या तीनशेंचा जास्त येतो. काठी एकाचीच होती. गप्प सगळे होते.

तांडेलाने विळा घेतला आणि टोक कापलं. मोडक्या बोटांची बाई हातात तो तुकडा घेऊन तशीच उभी राहिली, तेव्हा त्याने तोही हिसकावून घेतला. मग तो म्हणाला, "पुढल्या वर्षीपासून दोर दुसरं कुणी वळेल. हिला या काठावर जागा नाही."

म्हातारीने घरी जाऊन फक्त मोगरी घेतली. मग त्या बाईचा चांगला हात धरून ती खाडीत उतरली. कमरेएवढ्या पाण्यात ती एकदा थांबली आणि तिने वळून गावाकडे बघितलं. शाप द्यावा असं तिच्या मनात आलं. पण शाप कसा देतात हे शिकवायला वाटसरू विसरला होता, म्हणून ती पुढे गेली.

पलीकडच्या काठावर तिने त्या बाईची बोटं काथ्याने बांधली. ती जुळली, पण वाकडी जुळली. वाहत आलेली सोडणं वेचून म्हातारीने चिखलात पुरली. लोकांनी फाटक्या जाळ्यांचे तुकडे जोडून एक लहानशी रापण केली. दोर वळायला ती बसली तेव्हा काथ्या फार थोडा होता. तिने आधी टोक वळलं, पुरे चार हात. मग उरलेला दोर आखूड झाला, म्हणून ती माणसं छातीभर पाण्यात उभी राहून ओढायची. शेजारी बसून ती त्या वाकड्या बोटांच्या बाईला सगळं सांगायची, म्हाताऱ्या तांडेलाचं बोलणंसुद्धा.

इकडे गावात नवा दोर झाला. तो वळणाऱ्याने टोक वळलंच नाही, कारण कापायचंच तर वळा कशाला? त्यात पेटीची उस्तवार वाढली होती. पेटी पुसणारे, दिवा लावणारे, दार राखणारे, प्रार्थनांची परीक्षा घेणारे, अशी गावातली निम्मी धडधाकट माणसं प्रार्थनाघरात होती, आणि त्यांच्या हातांना मासळीचा वास चालत नव्हता. दोरावरच्या पुष्कळ गाठी नुसत्याच रिकाम्या असायच्या.

आणि त्याच हंगामात बांगडा मासळीची अशी झुंड आली की म्हाताऱ्या माणसांनीही तशी पाहिली नव्हती. समुद्र लांबून काळा दिसत होता. जाळं टाकलं, भरलं, आणि ओढू लागले तर हलेना. वर वारा सुटला. तांडेल घसा फुटेस्तोवर ओरडू लागला, "हात लावा. कुणीतरी हात लावा."

पलीकडच्या काठावर शंभर हात उभे होते आणि बघत होते. पूर्वी ते खाडी तुडवत धावत आले असते. पण आता त्यांना हाक मारायची कुठल्या तोंडाने? आणि ते आलेच असते, तर धरलं कुठे असतं? दोर शेवटच्या घराच्या गाठीपाशी संपत होता.

कुणीतरी पेटी किनाऱ्यावर आणली आणि समुद्रापुढे उंच धरली. समुद्राला पेटीतलं काही समजलं नाही. दोर माणसांच्या तळहातांची सालटं काढत सरकत गेला, आणि जाळं, मासळी, दोर, सगळंच लाटांनी ओढून नेलं. गावाचं होतं नव्हतं ते एका सकाळी गेलं.

त्यानंतर गावात उपास सुरू झाले. प्रार्थनेचे नव्हेत, पोटाचे. पेटी चुलीवर शिजत नाही, हे लोकांना दोन आठवड्यांत कळलं. ज्या सात गावांना तुकडे पाठवले होते त्यांच्याकडे माणसं गेली. तिथल्या दारावर त्यांना विचारलं, "बारा प्रार्थना येतात का?"

महिन्याने एका सकाळी तांडेल खाडी ओलांडून पलीकडे गेला. त्याचे गुडघे चिखलाने भरले होते आणि पोट पाठीला लागलं होतं. समोर ती माणसं पाण्यात उभी राहून आपली लहानशी रापण ओढत होती. दोराच्या शेवटी चार हात दोर मोकळा होता. तांडेलाने मान खाली घातली आणि टोक धरलं.

म्हातारीने ते पाहिलं आणि तिच्या हातात मोगरी होती. वीस वर्षं ज्या बोटांनी टोक कापलं, ती बोटं तिच्या समोर, हाताच्या अंतरावर होती. तिला ती ठेचायची होती. हे मी लपवत नाही. चांगली माणसं रागावत नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्यांनी चांगली माणसं पाहिलेली नाहीत. तिने मोगरी उचलली.

वाकड्या बोटांच्या बाईने रांगेतूनच मागे वळून पाहिलं. तिने तांडेलाला ओळखलं. तिच्या पाठीला ते मूल अजूनही होतं, वाचलेलं.

"आजी," ती म्हणाली, "दोराला त्याचा हात आहे की नाही?"

बराच वेळ मोगरी वरच राहिली. मग ती खाली आली, हळूच, तिच्या स्वतःच्या मांडीवर.

"आहे," म्हातारी म्हणाली.

"मग वाटा पडेल," ती बाई म्हणाली आणि पुन्हा ओढू लागली.

त्या दिवशी वाळूवर वाटे पडले, सगळे सारखे. तांडेल आपल्या वाट्यापाशी बसून काहीतरी बोलायला गेला, माफीचं असावं. म्हातारीने तोंड फिरवलं. ती त्याच्याशी त्या दिवशी बोलली नाही, आणि मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिने त्याला माफ केलं असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. पण दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी त्याच्यामागून अख्खं गाव आलं, आणि तिने एकाच्याही हातावर मोगरी उगारली नाही. राग तिचा होता. टोक तिचं नव्हतं.

तीन हंगामांनी त्या दोरावर तांडेलाच्या नावाची गाठ पडली, आणि ती मारली वाकड्या बोटांनी. त्यानंतर म्हातारी पुढचे चार हात वळायला बसली.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्याला जिथे कुणीतरी जागा दिली, ती जागा पुजायची नसते, मागून येणाऱ्यासाठी मोकळी ठेवायची असते.